हे पुस्तक कोणासाठी लिहिलं होतं?

वाचक विचारतात : चिनी युद्धकलांची पुस्तकं

मागच्या अंकात मी ताइचीवर, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेवर, लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच मागणी आहे : ‘एखादं चांगलं पुस्तक सांगा.’ सिंगापूरच्या गोदीत मी सात वर्षं इंजिनीअर होतो. सकाळी बागेत शिफूंकडे, म्हणजे गुरूंकडे, शिकायचं आणि रविवारी ब्रास बासा कॉम्प्लेक्समधल्या पुस्तकांच्या दुकानांत दिवस काढायचा, असा माझा क्रम होता. तिथून आणलेल्या पुस्तकांनी आज रत्नागिरीच्या घरातली दोन कपाटं भरली आहेत. त्या कपाटांसमोर बसून ही उत्तरं लिहितो आहे. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न : मी वीस वर्षांचा आहे. आमच्या तालुक्यात कुंग फू शिकवणारं कोणी नाही. पुस्तकावरून शिकता येईल का? येत असेल तर कोणतं घेऊ? (कळवण, जि. नाशिक)

तुझ्या वयाचा असताना मीही पुस्तकावरूनच सुरुवात केली होती. तेव्हा काय झालं ते आधी ऐक. मुंबईत फुटपाथवर मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. प्रत्येक पानावर चार फोटो होते. फोटोतला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा उजवा हात माझ्या डाव्या अंगाला. आरशासमोर उभं राहावं तसा मी त्याच्यासमोर उभा राहून शिकत गेलो. त्यात भर म्हणजे छापताना काही फोटो उलटे लागले होते. चिनी अंगरख्याची बटणं उजव्या काखेखाली लागतात. माझ्या पुस्तकात ती एका पानावर उजवीकडे होती आणि पुढच्या पानावर डावीकडे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन वर्षांचा सराव अंगात मुरला होता. शिफूंनी मला सगळा क्रम एकदा शांतपणे करू दिला, मग माझं मनगट धरून म्हणाले, ‘पुन्हा पहिल्यापासून.’ चुकीचं अंगात बसवायला दोन वर्षं लागली होती, ते काढायला चार लागली.

उलटे फोटो ही छपाईची चूक झाली. पण फोटो सुलटे असले तरी एक अडचण राहतेच. फोटो कुठे पोचायचं ते दाखवतो. तिथपर्यंत जायचं कसं, ते दोन फोटोंच्या मधल्या कोऱ्या जागेत राहतं. यांग घराण्याच्या ताइचीतला ‘एकेरी चाबूक’ हा पवित्रा घे. आधीच्या फोटोत दोन्ही तळवे पुढे ढकललेले असतात, पुढच्या फोटोत उजव्या हाताची चोच झालेली असते आणि डावा हात पुढे पसरलेला असतो. या दोहोंच्या मध्ये वजन उजव्या पायावरून डाव्यावर येतं, मग उजवा चवडा आत वळतो, वजन परत उजव्यावर जातं, तेव्हा कुठे डावा पाय सुटा होऊन पुढे पडतो आणि वजन त्याच्यावर येतं. तीन वेळा वजन इकडून तिकडे फिरलं आणि फोटोत त्यातलं एकदाही दिसलं नाही. पुस्तकावरून शिकलेला माणूस डावा पाय वजनासकट ओढतो. त्याचा गुडघा नेमका तिथेच बिघडतो.

म्हणून कोणतंही पुस्तक हातात घेतलंस की पहिल्यांदा विचार, हे लिहिलं कोणासाठी? मिंग राजवटीचा सेनापती छी जिग्वांग याने १५६० च्या सुमाराला सैन्याच्या कवायतीवर ग्रंथ लिहिला. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्री चाच्यांनी धुमाकूळ घातला होता आणि त्याला शेतकऱ्यांच्या, खाणकामगारांच्या पोरांतून फौज उभी करायची होती. त्याच्या ग्रंथात मुष्टियुद्धाचं एक प्रकरण आहे. त्यात बत्तीस पवित्र्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्राजवळ चार ओळींचं कवन. मोठ्या लढाईत या विद्येचा उपयोग होतो असं दिसत नाही, पण तिने हातपाय मोकळे होतात, अंगाला मेहनतीची सवय लागते, म्हणून नवशिक्यासाठी हा दरवाजा आहे, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. किती सरळ माणूस! त्याच्या बत्तिसांतला पहिला पवित्रा म्हणजे अंगरख्याचा घोळ सावकाश कमरेला खोचणं. ते नाव छन घराण्याच्या ताइचीत आजही आहे. चारशे साठ वर्षं टिकलेलं हे पान मी अजूनही महिन्यातून एकदा तरी उघडतो. पण त्या चित्रांवरून मी काही शिकू शकणार नाही, कारण ती हवालदारासाठी काढली आहेत आणि हवालदाराला ते सगळं आधीच येत होतं.

यांग चंगफू यांचं १९३४ सालचं ताइचीचं पुस्तक असंच आहे. लांब अंगरखा घातलेला तो भारदस्त माणूस फोटोत अगदी निवांत दिसतो. मजकुरात मात्र हरघडी ‘समजा शत्रूने…’ अशी सुरुवात होते. समजा त्याने उजव्या मुठीने मारलं, समजा त्याने मनगट धरलं. फोटो निवांत आणि मजकूर झटापटीचा, हे दोन्ही एकत्र वाचता येणाऱ्या शिष्यासाठी ते पुस्तक आहे. तुझ्या हातात ते पडलं तर तू फक्त फोटोची नक्कल करशील.

तुझ्यासाठी मला एकच जुनं पुस्तक सुचतं : सुन लुथांग यांचं शिंगयी या प्रकारावरचं, १९१५ सालचं. ते पाठ्यपुस्तकासारखं पायरीपायरीने जातं. शिंगयीत हालचाली थोड्या आहेत आणि सरळ रेषेत आहेत. पाच ठोसे, त्यांची सांगड पंचतत्त्वांशी. एक उभं राहण्याची मुद्रा आहे, तिच्यात वजन बरंचसं मागच्या पायावर असतं आणि बाकीचं सगळं त्या मुद्रेतून निघतं. वर्षभर तू ती मुद्रा आणि पहिला ठोसा एवढंच केलंस तरी नुकसान नाही. पॉल ब्रेनन या भाषांतरकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली अशी बरीच चिनी पुस्तकं इंग्रजीत आणली आहेत. मूळ मजकूर, फोटो आणि भाषांतर एकत्र असतं आणि वाचायला पैसे पडत नाहीत.

आणि गावच्या तालमीत जा. कुस्तीच्या वस्तादाला कुंग फू येत नसेल, पण पडावं कसं आणि पाय रोवावा कसा, हे तो एका पावसाळ्यात शिकवेल. पुढे वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या स्पर्धात्मक खेळाच्या, जिल्हा स्पर्धा, शिबिरं जिथे होतील तिथे जाऊन वर्षातून चार-आठ दिवस कोणाच्या तरी नजरेखाली काढ. वुशू १९९० पासून आशियाई स्पर्धांमध्ये आहे आणि मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीने हांगझोऊच्या स्पर्धेत, २०२३ साली, रौप्यपदक आणलं. शिकवणारी माणसं देशात आहेत. त्या चार-आठ दिवसांनंतर पुस्तक उघड. तीच पानं तुला वेगळी दिसतील.

प्रश्न : माझं वय ५८. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ताइची सुचवली आहे. बाजारात इतके प्रकार दिसतात की गोंधळ होतो. कोणतं पुस्तक किंवा व्हिडिओ घ्यावा? (सांगली)

ताई, तुम्ही ‘२४ हालचालींचा सोपा क्रम’ घ्या. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली जाणत्या शिक्षकांना बसवून यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून तो बेतला. पाचसहा मिनिटांत संपतो. तो मुद्दाम सामान्य माणसांसाठीच केला आहे, म्हणून ‘कोणासाठी’ या प्रश्नाचं उत्तर इथे तुमच्या बाजूने आहे. जगभर एकच क्रम असल्यामुळे एका शिक्षकाकडे सुरू करून दुसऱ्याकडे पुढे नेता येतो.

डॉक्टरांनी उगीच सुचवलेलं नाही. अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना बारा आठवडे ताइची, निम्म्यांना नेहमीची फिजिओथेरपी. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला.

व्हिडिओ निवडताना शिकवणारी व्यक्ती पाठमोरी दिसते का, तेवढं बघा. पाठमोरी असेल तर तिचा उजवा तो तुमचा उजवा. सराव करताना गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच वाकू द्या, आत कलू देऊ नका. वळायचं असेल तेव्हा आधी त्या पायावरचं वजन काढा, मगच पाऊल फिरवा. खाली किती बसायचं हे स्पर्धेच्या व्हिडिओतल्या मुलीकडे बघून ठरवू नका. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या असताना गुडघे जेवढे सैल असतात, तेवढे सैल पुष्कळ झाले. पहिला महिनाभर शेजारी भक्कम खुर्ची असू द्या.

प्रश्न : आमचे प्रशिक्षक सांगतात की कुंग फू मूळचा भारतीय. बौद्ध भिक्षू बोधिधर्माने तो चीनमधल्या शाओलिन मठात नेला आणि ‘यिजिन जिंग’ हे पुस्तक त्याचा पुरावा आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना हे सांगू का? (छत्रपती संभाजीनगर)

सर, तसं सांगू नका. का ते सविस्तर लिहितो, कारण या पुस्तकाची हकीकत मुलांना सांगण्याजोगी आहे.

यिजिन जिंग म्हणजे ‘स्नायू पालटवणारं सूत्र’. त्याला दोन जुन्या प्रस्तावना जोडलेल्या आहेत. एक थांग राजवटीचा सेनापती ली जिंग याच्या नावाने, साल ६२८. दुसरी सुंग राजवटीच्या एका सेनापतीच्या नावाने, साल ११४२. पहिलीत म्हटलं आहे की हे सूत्र ली जिंगला एका दाढीवाल्या वीराकडून मिळालं. आता गंमत अशी की तो दाढीवाला वीर कधी जन्मलाच नव्हता! तो थांग काळातल्या एका गाजलेल्या कथेतलं पात्र आहे. कथेतल्या पात्राने इतिहासातल्या माणसाला पोथी दिली, असं लिहिणारा माणूस त्या कथा ऐकत वाढलेला असणार आणि त्या काळापासून पुष्कळ दूरचा असणार. अठराव्या शतकातला चिनी पंडित लिंग थिंगखान याने या प्रस्तावना बनावट असल्याचं तेव्हाच ओळखलं होतं. पुस्तक सतराव्या शतकातलं धरतात, त्याच्या हस्तलिखितावरची नोंद १६२४ ची आहे. शिवाय त्यात ठोसे-लाथा नाहीतच. अंग चोळणं, कुटणं, श्वासाबरोबर स्नायू कसणं, असला मजकूर आहे.

त्याच्या प्रस्तावनांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कादंबऱ्यांनी आणि १९१५ च्या आसपास निघालेल्या ‘शाओलिनची गुपितं’ छापाच्या पुस्तकांनी मजले चढवले. सिनेमाने कळस बसवला. चीनमधल्याच थांग हाव नावाच्या वकिलाने १९३० साली शाओलिन आणि वुदांग या दोन्ही परंपरांच्या कथा पुरावे मागून तपासल्या. वकिलाने इतिहास लिहिला की साक्षीदार नीट उलटतपासला जातो. आपल्या देशातल्या लाडक्या कथांवर असा हात घालायला धैर्य लागतं. माझ्या मनात त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

मग बोधिधर्माबद्दल पक्कं काय मिळतं? ५४७ साली लिहिलेल्या, लोयांगच्या मठांची माहिती देणाऱ्या ग्रंथात तो येतो. तिथे तो एका उंच स्तूपाकडे बघून थक्क झालेला म्हातारा भिक्षू आहे. आपलं वय दीडशे सांगतो. ग्रंथकार त्याला पर्शियाचा म्हणतो. कुठे मूठ नाही, कुठे काठी नाही. शाओलिन मठ ४९५ च्या सुमाराला एका सम्राटाने बांधला, तो मात्र खरोखरच भारतातून आलेल्या एका भिक्षूसाठी. चिनी त्याला बातुओ म्हणतात. लढाईशी मठाच्या संबंधाचा पहिला पक्का पुरावा मठातल्याच ७२८ च्या शिलालेखात आहे : ६२१ साली तेरा भिक्षूंनी, पुढे सम्राट झालेल्या ली शमिनला मदत केली. त्या शिलालेखातही बोधिधर्माची युद्धविद्या नाही.

पण सर, मुलांना ‘भारताचा संबंध नाही’ असंही सांगू नका, कारण खरा संबंध आहे आणि तो दंतकथेपेक्षा देखणा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छंग झुंगयौ नावाच्या माणसाने शाओलिनच्या काठीवर सचित्र पुस्तक लिहिलं. दहा वर्षांहून अधिक काळ त्याने मठात ती विद्या घेतली होती. त्यात तो एक प्रश्न घालतो : शाओलिन तर काठीसाठी प्रसिद्ध, मग हल्ली भिक्षू काठी सोडून मुष्टियुद्धाच्या मागे का? उत्तर असं की, शाओलिनच्या काठीचं नाव यक्ष, ती किन्नरराजाने दिलेली, ती अनुत्तर, म्हणजे सर्वोच्च, बोधीला पोचलेली. मुष्टियुद्ध अजून देशभर पसरलेलं नाही, म्हणून त्यालाही काठीसोबत पैलतीरी न्यायचं आहे. यक्ष, किन्नर, बोधी, पैलतीर. एकाही शब्दाचा अर्थ आपल्या पोरांना सांगावा लागणार नाही. शाओलिनचे भिक्षू बळासाठी ज्याची करुणा भाकत, तो वज्रपाणी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला जे चित्र आहे, ते त्याच नावाने ओळखलं जातं. तुमच्या शाळेची सहल तिथे जातच असेल. त्या चित्रासमोर उभं करून मुलांना सांगा : इथून गेलं ते हे.

पुस्तक हवं असेल तर इस्रायली अभ्यासक मेइर शाहार यांचं शाओलिन मठावरचं इंग्रजी पुस्तक वाचा. हवाई विद्यापीठाने २००८ साली काढलं आहे. त्यातून एकही ठोसा शिकायला मिळत नाही. तरी माझ्या कपाटातलं सर्वांत जास्त वेळा खाली काढलेलं पुस्तक तेच आहे.

प्रश्न : मी चिनी भाषा शिकते आहे. ताइचीच्या मूळ वचनांपासून वाचायला सुरुवात करावी म्हणते. ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती ना? मग ‘ताइची’ म्हणजे परमप्राण असा अर्थ लावू का? (पुणे)

नाही. बरं झालं हे आताच विचारलंस. ‘ताइची’तला ‘ची’ आणि प्राणशक्तीचा ‘ची’ ही दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळे शब्द. पहिल्याचा अर्थ टोक, परिसीमा, छपराचं आढं. दुसऱ्याचा अर्थ वायू, श्वास, प्राण. पहिल्यात च अल्पप्राण आहे, दुसऱ्यात महाप्राण, म्हणजे जवळजवळ ‘छी’. जुन्या रोमन लिपीत हा फरक शब्दावर एक बारीक स्वल्पविराम टांगून दाखवत असत. इंग्रजी छापखान्यांनी तो स्वल्पविराम टाकून दिला आणि दोन शब्द एक होऊन बसले. आता चिनी लोक रोमन लिपीत पहिला शब्द ‘जे’ अक्षराने लिहितात, म्हणून काही पुस्तकांवर ‘ताइजी’ दिसतं. आपल्याला असल्या टांगलेल्या चिन्हाची गरज नव्हती, कारण च आणि छ आपल्याकडे बाराखडीतच वेगळे बसले आहेत. या विद्येवर मराठीत लिहिणाऱ्याने तरी हा घोळ पुढे चालवू नये, असं मला कळकळीने वाटतं.

वाचायला ‘हात भिडवण्याचं गीत’ घे. इनमिन सहा ओळी. त्यातली एक ओळ सगळीकडे ऐकू येते : चार लियांगांनी हजार जिन वळवावेत. इंग्रजी पुस्तकांत त्याचे ‘चार औंस आणि हजार पौंड’ होतात. आपल्याकडे त्याहून चपखल मापं होती. जुन्या चीनमध्ये १६ लियांगांचा एक जिन, आपल्याकडे १६ छटाकांचा एक शेर. म्हणून मी वर्गात म्हणतो, ‘चार छटाकांनी हजार शेर वळवायचे.’ मग एखाद्याला माझं मनगट जोरात ढकलायला लावतो आणि त्याच्या कोपराला दोन बोटं लावून बाजूला वळवतो. ओळ पाठ होते.

हे सगळं गीतात का आहे, हेही समजून घे. शिकणाऱ्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चालीवर म्हटलेलं डोक्यात राहतं. त्यामुळे ही वचनं मोठ्याने म्हणत वाच, आणि त्यांतला ‘खांदे खाली, कोपर लोंबते’ असा भाग आला की तिथल्या तिथे खांदे सोडून बघ.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर ‘शाओलिनच्या गुप्त विद्या’ असं एक पुस्तक विकत घेतलं. रोज तापवलेल्या वाळूत हात खुपसतो. बोटं सुजली आहेत. रागावले तर ऐकत नाही. (नागपूर)

आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवा. सोळाव्या वर्षी हाडांची वाढती टोकं अनेक मुलांत पूर्ण मिटलेली नसतात. तिथे इजा झाली तर बोट वाकडं राहू शकतं.

त्याला रागावण्यापेक्षा हे वाचायला द्या. बाळा, तू घेतलेल्या पुस्तकासारखी पुस्तकं चीनमध्ये १९३० च्या आसपास ढिगाने निघत. विटांची चळत तळहाताने फोडणाऱ्या गू रुजांग यांचा एक फोटो त्या काळात सगळीकडे पोचला होता, तो तूही पाहिला असशील. ते गुरूच्या हाताखाली लहानपणापासून तयार झाले होते. पुस्तकात एका ओळीत ‘मग औषधी काढ्याने हात धुवावेत’ एवढंच असतं. कोणता काढा, किती वेळ, हात कसा दिसला की दोन महिने थांबायचं, हे सांगायला गुरू शेजारी उभा असायचा. तुझ्या शेजारी कोणी नाही. तुझं पुस्तक ज्याने विकलं, त्याला तुझी बोटं कधी दिसणार नाहीत. सूज उतरली की मला पत्र पाठव, शिकवणारं माणूस शोधायला मी मदत करेन.

प्रश्न : माझे आजोबा मर्दानी खेळाचे वस्ताद होते. त्यांची लाठी आणि पट्ट्याची एक वही घरात आहे, सगळी मोडीत. पहिल्या पानावर माझ्या वडिलांचं नाव आहे. दोघेही आता नाहीत. तुमचा लेख वाचून विचारावंसं वाटलं : चिनी लोकांनी अशा वह्यांचं काय केलं? आम्ही काय करावं? (कोल्हापूर)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

चीनमधल्या हेनान प्रांतात छनज्यागौ नावाचं खेडं आहे. छन घराण्याची ताइची तिथली. तिथल्या छन शिन यांनी १९०८ साली घराण्याची विद्या लिहायला घेतली. बारा वर्षं लिहीत होते. रेशमाच्या कोशातून धागा उलगडावा तशी शक्ती अंगातून फिरत कशी जाते, हे दाखवायला त्यांनी माणसाच्या आकृतीवर वळणावळणाच्या रेघा काढल्या. १९१९ साली काम संपलं. छापायला पैसा नव्हता. मुलगा नव्हता, हस्तलिखित पुतण्याकडे गेलं. छन शिन १९२९ साली वारले आणि पुस्तक चार वर्षांनी, १९३३ साली छापलं गेलं. त्यांनी ते कधी छापलेलं पाहिलं नाही. आज त्या रेघांची चित्रं जगभरचे लोक अभ्यासतात.

त्याच सुमारास आपल्याकडेही काम चाललं होतं. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मजुमदार मराठीतला व्यायाम ज्ञानकोश काढत होते. १९३६ पासून पुढे दहा खंड निघाले. १९३६ सालीच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे दाखवले आणि चीनच्या पथकाने आपली युद्धकला दाखवली. एका शहरात, एका उन्हाळ्यात, दोन्ही. या योगायोगाचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्ञानकोशाचे खंड तुमच्याकडच्या जुन्या वाचनालयात मिळाले तर वही वाचताना शेजारी ठेवा. हातांची नावं ताडून बघायला उपयोगी पडतील.

आता वहीबद्दल. तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. खिडकीजवळच्या उजेडात, ऊन थेट न पडू देता, एकेका पानाचा वरून सरळ फोटो काढा. कोरी पानंही सोडू नका, आणि मलपृष्ठाच्या आतला भागही घ्या. पुष्कळदा हिशेब, तारखा, शिष्यांची नावं तिथेच असतात. मोडी वाचणारी माणसं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात भेटतील. लिप्यंतर करताना न लागलेला शब्द तसाच सोडा, अंदाजाने भरू नका.

पण फक्त लिप्यंतराने वही उघडणार नाही. ती तुमच्या वडिलांसाठी लिहिली आहे. वडील आजोबांच्या हाताखाली शिकले होते, तेव्हा त्यांना माहीत असलेलं आजोबांनी लिहिलेलंच नसेल. ‘पुढचा हात नेहमीप्रमाणे’ असं कुठेतरी सापडेल बघा. ते ‘नेहमीप्रमाणे’ कोणाच्या तरी अंगात अजून असेल. वडिलांबरोबर त्या तालमीत खेळलेला कोणी ऐंशीच्या घरातला माणूस पेठेत असेल तर त्याला शोधा आणि उशीर करू नका. एकाने वहीतली ओळ मोठ्याने वाचायची, त्याने हात करून दाखवायचा, न जमला तर बसून सांगायचा, आणि दुसऱ्याने चित्रीकरण करायचं. दोन बाजूंनी घ्या : एकदा समोरून, एकदा पाठमोरं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी कोल्हापुरात आहे. कॅमेऱ्याचा स्टँड माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो. तोवर वही कोरड्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटातून बाहेर ठेवा. पावसाळ्यात त्या कपाटांना आतून ओल सुटते.